हेड पॅकिंग गेलं असेल का?

विषय जरा तेलकट आहे, पण आमच्या वैजापूरच्या गोतावळ्याला तो नवीन नाही. आमच्याकडे एखादा माणूस उगाच तापायला लागला की 'याचं हेड पॅकिंग गेलंय' असं म्हणायची पद्धत आहे. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना ते कळत नाही असा अनुभव आहे, म्हणून आज या हेड पॅकिंगचा थोडा इतिहास सांगावा म्हटलं.

इतिहास म्हटलं की आपल्याला लढाया आणि तह आठवतात. पण डिझेलचं इंजिन आपल्या रस्त्यावर कसं आलं, आणि ते बिघडलं तर नेमकं काय बिघडलंय हे ओळखायला कोण कसं शिकलं, हाही इतिहासच आहे की!

आधी वस्तू समजून घेऊ. ट्रकच्या इंजिनाचे ढोबळ मानाने दोन भाग. खाली ब्लॉक, त्यात पिस्टन वरखाली होतात. वर त्याचं झाकण, म्हणजे हेड. या दोघांच्या मध्ये एक पातळ पत्रा बसवतात, तेच हेड गॅस्केट. आमच्याकडे सगळे 'हेड पॅकिंग'च म्हणतात. दिसायला अगदी किरकोळ, गोल गोल भोकं पाडलेला पत्रा. पण त्याच्या अंगावर काय काय पडतं बघा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापून पाचशे अंशांच्या वर जाते, आणि मग त्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. ९७ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर धरा आणि आतला दाब चौरस सेंटिमीटरला सत्तर किलो धरा (जुन्या इंजिनात साधारण एवढा असायचा, आताच्या इंजिनात दुप्पट किंवा त्याहून जास्त). गुणाकार केला तर प्रत्येक स्फोटाला हेड वर उचलणारा जोर पाच टनांच्या पुढे जातो. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर एकेका सिलिंडरमध्ये हे मिनिटाला हजार वेळा होतं.

आणि त्या पत्र्यातून नुसता धूर आणि जाळच अडवायचा नसतो. सिलिंडरच्या भोवती थंड करणारं पाणी खेळत असतं, शेजारून तेलाची वाट जात असते. आग, पाणी आणि तेल ही तिघं बोटा-दोन बोटांच्या अंतरावर, आणि त्यांना एकमेकांत मिसळू द्यायचं नाही. पॅकिंग 'गेलं' म्हणजे या तिघांपैकी कुणीतरी कुंपण ओलांडलं.

आता हे इंजिन आलं कुठून? रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरला १८९३ साली पेटंट मिळालं आणि १८९७ मध्ये ऑग्सबर्गला त्याचं पहिलं यशस्वी इंजिन चाललं. ते सुमारे तीन मीटर उंच होतं, अश्वशक्ती वीसच्या आसपास. डिझेल आत फवारण्यासाठी वेगळी दाबलेली हवा लागायची, त्यामुळे गाडीवर बसवण्याचा प्रश्नच नव्हता. ते कारखान्यात आणि जहाजावर राहिलं. खुद्द डिझेल १९१३ साली जहाजातून इंग्लंडला जाताना रात्री नाहीसा झाला, डिझेलचे ट्रक बाजारात आलेले त्याने पाहिलेच नाहीत. जर्मनीत बेंझ आणि मान या कंपन्यांनी डिझेलचे ट्रक काढले ते १९२३-२४ च्या सुमारास, आणि बॉशचा डिझेल फवारणारा पंप १९२७ साली बाजारात आला. त्या पंपानंतर मग ट्रक आणि डिझेल यांची गाठ कायमची बसली.

त्या काळात वैजापूर होतं निजामाच्या राज्यात. पलीकडे येवला आणि कोपरगाव म्हणजे इंग्रजांचा मुलूख, अलीकडे आम्ही. हद्द ओलांडताना मालावर जकात, तिला करोडगिरी म्हणायचे. माल जायचा बैलगाडीने रोटेगाव स्टेशनापर्यंत, तिथून मनमाड–सिकंदराबाद मार्गावरच्या रेल्वेने. हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ साली मोटारवाहतूक सुरू केली, २७ बस आणि १६६ माणसं घेऊन. बस स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. म्हणजे मोटार आमच्या मुलखाला अगदी अनोळखी नव्हती, पण ती सरकारची होती. सामान्य माणसाच्या मालकीचा ट्रक आणि त्याच्या मागोमाग येणारा रस्त्याकडेचा मिस्त्री, ही मंडळी यायला अजून अवकाश होता.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. या दोन तारखांच्या मध्ये आमच्या विषयातली सर्वांत मोठी तारीख आहे, १९५४. त्या वर्षी टाटांच्या टेल्को कंपनीने डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनायला लागले. रेडिएटरच्या जाळीवर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी. करार पंधरा वर्षांचा होता, तो १९६९ साली संपला आणि चांदणी जाऊन 'टी' आला. पण जुने ड्रायव्हर त्यानंतरही कितीतरी वर्षं ट्रकला 'मर्सिडीज'च म्हणत.

या इंजिनांच्या आकड्यांत एक गंमत आहे. टाटाच्या इंजिनाला ६९२, ६९७, ४९७ असे आकडे असतात. ते उगाच नाहीत. पहिला अंक सिलिंडरची संख्या, पुढचे दोन अंक सिलिंडरचा व्यास मिलिमीटरमध्ये. म्हणजे ६९७ हे सहा सिलिंडरचं, ९७ मिलिमीटर व्यासाचं. ट्रकच्या नावाचंही तसंच. १२१० म्हणजे एकूण वजन बारा टन आणि अश्वशक्ती शंभराच्या आसपास. १९८६ साली आलेली ४०७ म्हणजे चार टन, सत्तर अश्वशक्ती. शाळेत न गेलेल्या मिस्त्रीलाही हे आकडे पाठ, आणि आकडा ऐकला की कुठलं पॅकिंग लागेल ते तो सांगणार.

आणि हे इंजिन अनेक वर्षं फारसं बदललंच नाही. याबद्दल नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण त्याची दुसरी बाजू मला महत्त्वाची वाटते. तेच इंजिन तीस-चाळीस वर्षं रस्त्यावर राहिलं म्हणून तर गावोगावच्या माणसांना ते शिकता आलं! डिझेलचा पंप बंगळूरच्या मायकोचा (ही कंपनी १९५१ ची), पुढे नाशिकलाही मायकोचा कारखाना आला. टेल्कोचा पुण्याचा कारखाना १९६६ पासूनचा. तो उभा केला सुमंत मूळगावकरांनी. टाटा सुमो गाडीचं नाव त्यांच्याच नावातल्या अक्षरांवरून ठेवलेलं आहे. जुना मुंबई–नागपूर रस्ता नाशिक, येवला करत वैजापूरवरून औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) आणि पुढे जालन्याकडे जातो. या रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेडं पडली, आणि जर्मनीत आखलेल्या इंजिनाची शाळा तिथे भरायला लागली. उस्ताद, त्याच्या हाताखाली दोन पोरं, एक चहावाला. फी नाही, पुस्तक नाही, परीक्षा मात्र रोज!

या शाळेतला एक धडा मी स्वतः पाहिलेला आहे, तो सांगतो. साल १९९४, उन्हाळ्याची सुट्टी. मामांकडे जुना घेतलेला १२१० होता, पतसंस्थेच्या कर्जावर. उन्हाळी कांद्याचे दिवस, वाशीच्या बाजाराला खेपा चालू. एका परतीच्या खेपेत गाडीने कसाऱ्याच्या घाटात रेडिएटरमधून पाणी फेकलं. वाटेतल्या एका गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून पाच मिनिटांत सांगून टाकलं, हेड पॅकिंग गेलं, हेड खोलावं लागेल. ड्रायव्हरने पाणी भरत भरत गाडी कशीबशी वैजापूरला आणली. मामांचा चेहरा उतरलेला. हेड खोलायचं म्हणजे आठवडा गेला. पॅकिंग, हेड घासायचा खर्च, आणि एकदा खोललंच आहे तर व्हॉल्व्ह करा, रिंगा टाका... हप्ता तर थांबत नाही. कांदा शेतात पडून.

हमरस्त्यावरच्या शेडमधले मिस्त्री म्हणजे सगळ्यांचे चाचा. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी ड्रायव्हरला खाली बसवला.

"पाणी कुठं फेकलं?"

"कसाऱ्याच्या घाटात, निम्म्यात आल्यावर."

"सपाटीला फेकते का?"

"नाही चाचा. सपाटीला काटा मधीच राहतो."

"तेल वाढलं का पट्टीवर?"

"नाही."

"सकाळी पहिल्यांदा चालू केली की पांढरा धूर? एखादं सिलिंडर मिस मारतं का?"

"तसं काय जाणवलं नाही."

मग चाचा मामांकडे वळून म्हणाले, "पाटील, डोकं खोलायची घाई करू नका. रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी बघू."

सकाळी गाडी पूर्ण थंड असताना त्यांनी रेडिएटर काठोकाठ भरला आणि झाकण उघडंच ठेवून इंजिन चालू केलं. पॅकिंगमधून गॅस पाण्यात येत असेल तर इंजिन तापायच्या आधीच पाण्यात बुडबुडे दिसतात, थांबतच नाहीत. इथे एकही नाही. मग झाकण लावून वरचा होज पाईप हाताने दाबून पाहिला. गॅस येत असेल तर थंड इंजिनातही तो पाईप मिनिटा-दोन मिनिटांत टणक होतो. इथे मऊच. तेलाची पट्टी काढून बोटावर तेल चोळलं, काळं पण स्वच्छ. पाणी मिसळलं तर तेल ताकासारखं होतं. मग इंजिन चांगलं तापू दिलं, बंद केलं आणि रेडिएटरच्या जाळीवरून हात फिरवला. एके ठिकाणी हात भाजत होता, आणि शेजारच्याच मोठ्या पट्ट्यात जाळी कोमट. मलाही हात लावायला लावला.

"इथनं पाणी जातच नाही बाबू. नळ्या भरल्यात. चढावर इंजिन जास्त तापतं, तेवढं थंड करायची ताकद याच्यात राहिली नाही. पॅकिंगचा काय गुन्हा?"

रेडिएटर उतरवला. रेडिएटरवाल्याने वरची टाकी सोडवली तर नळ्यांची तोंडं पांढऱ्या थराने बुजलेली. बारीक सळया घालून एकेक नळी मोकळी केली. तिसऱ्या दिवशी गाडी कांदा भरून वाशीला गेली. खर्च हेडच्या मानाने चिल्लर.

तो पांढरा थर कुठून आला? तर आमच्याच विहिरींतून. आमचा काळा पाषाण, त्यातून झिरपलेलं पाणी जड. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात, पाणी तापलं की ते थर होऊन बसतात. घरात हंड्याच्या बुडाला जो थर बसतो तोच. वैजापूर तालुका अवर्षणाचा, १९७२ चा दुष्काळ आमच्या थोरल्यांच्या तोंडून अजून ऐकायला मिळतो. जिथे प्यायला पाणी मोजून मिळतं तिथे रेडिएटरला काय मिळणार? मिळेल त्या विहिरीचं, मिळेल त्या बोअरचं. आता रंगीत कुलंट आलंय, पूर्वी ते कुणाला परवडत होतं? म्हणजे मामांच्या ट्रकचं दुखणं शोधायचं तर इंजिनाबरोबर गावचं पाणीही माहीत असायला हवं. चाचांना ते माहीत होतं. वाटेतल्या गॅरेजवाल्यालाही असेल कदाचित, पण त्याने विचारलंच नाही.

पॅकिंगवर असा खोटा आळ यायची कारणं पुष्कळ आहेत. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग ढिली पडली तर पाणी लवकर उकळतं. थर्मोस्टॅट अडकला, वॉटर पंपाचा पंखा झिजला, पट्टा ढिला झाला, तरी गाडी तापते. तेल थंड करणारा कूलर फुटला तर तेल आणि पाणी एकत्र होतात, पॅकिंग शाबूत असतानाही. आणि सगळ्यांत फसवं म्हणजे हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसर. काही ट्रकांत तो इंजिनाच्याच पाण्याने थंड होतो. त्याचं पॅकिंग गेलं तर तो हवा थेट पाण्यात ढकलतो आणि रेडिएटरमध्ये हुबेहूब तसेच बुडबुडे येतात. जाणता मिस्त्री कॉम्प्रेसरच्या पाण्याच्या नळ्या सोडवून, ती वाट बंद करून पुन्हा पाहतो. बुडबुडे थांबले तर दोषी कॉम्प्रेसर.

अर्थात पॅकिंग खरंच जातंही. त्याच सुट्टीत चाचांकडे दुसरा एक ट्रक आला होता, त्याच्या रेडिएटरमध्ये थंड इंजिनालाच भाताला आधण यावं तसे बुडबुडे. तरीही चाचांनी लगेच हेड खोललं नाही. इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या डिझेल पाईपचा नट जरासा ढिला करत गेले. नट ढिला केला की त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही, तिथला स्फोट थांबतो. चौथ्या सिलिंडरला नट ढिला केला आणि बुडबुडे एकदम कमी झाले. घट्ट केला, पुन्हा वाढले. खात्रीसाठी परत एकदा. मग म्हणाले, "आता खोला." हेड उतरल्यावर पॅकिंगवर चौथ्या भोकापासून पाण्याच्या भोकापर्यंत जळल्याची काळी रेघ स्पष्ट दिसत होती.

पुढचं कामही तितकंच शिस्तीचं. हेडवर सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खालून फिलर गेजची पाती सरकते का पाहायची. सरकली तर हेड वाकलंय, ते फेस मारायला पाठवायचं. नुसतं नवीन पॅकिंग टाकलं तर ते पुन्हा जाणार. नट आवळायचे ते मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, आणि एकदम नाही, तीन फेऱ्यांत. गाडी थोडी चालली की पुन्हा एकदा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ते गेलं का याचं कारण शोधायचं. पॅकिंग बहुधा स्वतःहून जात नाही, आधी इंजिन कशानेतरी तापलेलं असतं.

हे सगळं त्यांना कोणी शिकवलं? उस्तादाने. त्याला त्याच्या उस्तादाने. पण या क्रमामागे एक साधं कारण आहे असं मला वाटतं. एक ट्रकवाला मालक म्हणजे कर्जावर उभा असलेला माणूस. चुकीचं निदान झालं तर त्याचा हंगाम जातो. म्हणून आधी फुकटात होणारी परीक्षा, म्हणजे प्रश्न. मग काहीही न खोलता होणारी, म्हणजे डोळा, बोट आणि कान. मग एखादा नट ढिला करून होणारी. आणि हेड खोलणं अगदी शेवटी, कारण एकदा ते खोललं की बुडबुडे, धूर, टणक पाईप हे पुरावे पुन्हा तपासता येत नाहीत. विद्यापीठात इतिहास शिकवताना पुरावा कसा हाताळावा हे सांगतात. आमच्या रस्त्यावर तीच शिस्त गरजेपोटी तयार झाली होती.

या शाळेची एक काळी बाजूही लिहायला हवी. जुन्या पॅकिंगमध्ये तांब्याच्या किंवा पोलादी पत्र्याच्या आत ॲस्बेस्टॉस असायचं. चिकटलेलं पॅकिंग ब्लेडने खरवडून, फुंकर मारून साफ करायचं. पोरं दिवसभर तेच करायची, तोंडाला फडकंसुद्धा नाही. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने कर्करोग होतो हे आता जगजाहीर आहे. शेडमध्ये ते कोणी सांगितलं नव्हतं. पुढे ग्राफाइटची आणि अनेक पदरांची पोलादी पॅकिंगं आली, पण ती धूळ ज्यांच्या छातीत गेली ती गेलीच.

आता काळ बदलला. १ एप्रिल २०२० पासून नवीन गाड्यांना भारत स्टेज सहा लागू झालं. धूर कमी झाला, ही चांगलीच गोष्ट. इंजिनात सेन्सर आले, धुराचा काही भाग थंड करून परत इंजिनात सोडणारे कूलर आले. तो कूलर गळायला लागला तर पाणी कमी होतं, पांढरा धूर येतो, आणि पुन्हा आळ येतो तो पॅकिंगवरच! स्कॅनर लावला की पडद्यावर कोड येतो. पण तो कोड इंजिन तापलंय एवढं सांगतो, का तापलं ते माणसालाच शोधावं लागतं. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाला, जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला, एकूण ७०१ किलोमीटर. आमच्या तालुक्यात जांबरगावला त्यावर चढता-उतरता येतं. लांबच्या ट्रकला आता गावातून जायचं कारण उरलेलं नाही. चाचा गेले त्याला काही वर्षं झाली. त्यांचा मुलगा टायरचं दुकान चालवतो. मी त्याला वडिलांच्या कामाबद्दल विचारलं तर म्हणाला, "अब्बांचे पाने आहेत घरात. पण ते विचारायचे काय, तेवढं मी कधी लिहून नाही घेतलं."

मला वाटतं खरा ऐवज ते प्रश्नच होते. पाने बाजारात मिळतात. म्हणून जेवढे मला आठवले तेवढे इथे उतरवून ठेवले. आपल्या घरात ट्रकवर, एसटीत किंवा गॅरेजात काम केलेलं कोणी थोरलं माणूस असेल, तर एखाद्या संध्याकाळी त्यांना विचारा, गाडी तापली की तुम्ही आधी काय बघायचात? आणि सांगतील ते लिहून काढा.